तुम्ही विचारलंत म्हणून: मी पुन्हा नेपाळला का गेले नाही

‘ताई, यंदा तरी येताय ना?’ दिवाळीची सुट्टी जवळ आली की चर्चमध्ये उपासनेनंतर चहा घेताना हा प्रश्न येतोच. तरुण संघातली मुलं विचारतात, महिला मंडळात विचारतात, पाळकसाहेबांनी दोनदा विचारलंय. मी गुडघ्याचं कारण सांगते, आईचं सांगते, पेपर तपासायचेत म्हणते. गुडघा ठीक आहे. आई भावाकडे असते. म्हणून आता एकदाच, सगळं सांगते.

शाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो: ‘तिकडे बाटवायला गेला होतात का?’ नाही. 2015 च्या भूकंपात पडलेल्या घरांच्या छपरांसाठी आम्ही लोखंडी पत्रे घेऊन गेलो होतो. नेपाळची नवी राज्यघटना 20 सप्टेंबर 2015 ला लागू झाली आणि तिच्या 26व्या कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. तिथल्या मंडळीच्या नेपाळी पाळकांनी पहिल्याच संध्याकाळी बजावलं होतं: पत्रकं नकोत, प्रवचन नको, गावाची यादी आहे त्याप्रमाणे प्रत्येक घराला पत्रे. तसंच झालं. हे मी दहादा सांगितलंय, तरी प्रश्न तोच. त्याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पण तुमचा प्रश्न हा नाही. तुम्ही आपलीच माणसं आहात आणि आपल्या माणसांना सांगणं जास्त अवघड जातं.

खर्चापासून सुरुवात करते, कारण मीही आधी त्याच्याच आड लपले होते. आम्ही 11 जण, 12 दिवस, माणशी 13,000 रुपये. कुर्ल्याहून गोरखपूर, तिथून सीमेवरचं सोनौली, पुढे मिळेल त्या बसने धादिंग जिल्हा. म्हणजे 1,43,000 रुपये नुसते आमच्या जाण्या-येण्या-राहण्याचे. नेपाळ सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी घरटी 15,000 नेपाळी रुपये दिले होते. आपले साधारण 9,400. आमच्या प्रवासात 15 घरांचा निवारा झाला असता. त्यात भारतातून माल जातो तो रक्सौल-बीरगंजचा सीमेवरचा नाका सप्टेंबरच्या अखेरीपासून अडलेला. गॅस नाही, पेट्रोल नाही. गावातल्या बायका डोंगरातून लाकडं आणून आम्हा 11 भारतीयांचा डाळभात शिजवत होत्या. मी ताटावर बसले की मला ती लाकडं दिसायची.

हे बोलले तर मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, ‘बाई, 1813 साली मिशनऱ्यांनी असा खर्च मोजला असता तर आपण कुठे असतो?’ मी तेव्हा गप्प बसले. उत्तर नंतर सुचलं. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि 1826 मध्ये पटकीने वारले तेव्हाही याच मुलखात होते. तेरा वर्षं. आम्ही बारा दिवस. पण हेही उत्तर पुरं नाही. त्यांच्याबरोबर आलेले सॅम्युएल नॉट 1815 मध्येच आजारपणामुळे परतले, म्हणून त्यांचं येणं कोणी फुकट म्हणत नाही. तेव्हा मुदतीचा मुद्दाही सोडून देते.

खरं कारण एक बाई आहे.

नेपाळात सुट्टी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारी. 25 एप्रिल 2015 हा शनिवार होता आणि भूकंप झाला तेव्हा घड्याळात 11 वाजून 56 मिनिटं झाली होती. त्या गावात उपासना चालू होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आत कोसळल्या. या बाईंची नऊ वर्षांची मुलगी त्यात गेली. बाई पाणी आणायला बाहेर आल्या होत्या.

त्यांचे यजमान भांडुपला एका सोसायटीत वॉचमन. बाई स्वतः तीन वर्षं तिथे राहिलेल्या, म्हणून हिंदी चांगलं. आम्ही पडक्या चर्चचे दगड रचून ठेवत होतो. दुपारी सगळे जेवायला गेले आणि आम्ही दोघीच उरलो. मी मूर्खासारखं विचारलं, ‘अब चर्च आती हो?’

‘हर शनिवार आती हूँ, दीदी. प्रार्थना नहीं करती. उससे मेरा झगड़ा है. मेरी बेटी यहाँ आखिरी बार बैठी थी, इसलिए आती हूँ.’

मग त्यांनी पुढचा दगड उचलला. मी काही बोलले नाही. त्यांचा हात धरला, एवढंच.

मुंबईत आल्यावर अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मराठीची शिक्षिका म्हणून असली कामं माझ्याकडेच येतात. मी लिहिलं: ‘पोटची मुलगी गमावूनही ही माउली दर शनिवारी, न चुकता, मंडळीत येते.’ त्या अहवालात एकही वाक्य खोटं नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी तो वाचला. लोक रडले. त्या दिवशीच्या अर्पणातून पुढच्या वर्षीचे पत्रे आले.

मागच्या बाकावर तिचे यजमान बसले होते. मीच बोलावलं होतं. चौदा वर्षं भांडुपात काढलेला माणूस, मराठी सगळं समजत होतं. उपासना संपल्यावर माझ्याजवळ आले, डोळे पुसत म्हणाले, ‘मुझसे तो वो इस बारे में बात ही नहीं करती. अच्छा हुआ, मान गई.’ त्यांनी अहवालाची प्रत मागितली. मी दोन झेरॉक्स काढून दिल्या. त्या क्षणी सांगता आलं असतं. मी झेरॉक्सवाल्याकडे सुट्टे पैसे शोधत उभी राहिले.

एक प्रत त्यांनी गावी पाठवली. लिपी तीच, त्यामुळे बाईंनी अक्षर लावत वाचली; जे कळलं नाही ते नवऱ्याने फोनवर सांगितलं. फेब्रुवारीत मला नेपाळचा फोन आला. आवाजात राग नव्हता. ‘दीदी, दूसरी बात क्यों नहीं लिखी?’

मी म्हटलं, ‘जगह कम थी.’

‘अच्छा,’ म्हणाल्या. मग माझ्या आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

अहवाल दीड पानाचा होता. खालचं अर्धं पान कोरं होतं.

तेव्हाची मी आजच्या मला म्हणते: तू पुरं लिहिलं असतंस तर पैसे जमले असते का? ‘माझं देवाशी भांडण आहे’ हे ऐकून कोणी पाकीट भरलं असतं? त्या पैशातले पत्रे तिच्याही घरावर आहेत. आजची मी म्हणते: स्तोत्रकर्ते आयुष्यभर देवाशी भांडले, ते आपण भक्ती म्हणून वाचतो, मग तिचंच भांडण तू का गाळलंस? आपली मंडळी ते ऐकू शकणार नाही असं तू कशावरून ठरवलंस? या दोघींत कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही जाऊ नका असं मी म्हणत नाही. मी गेले, तर पहिल्यांदा तिच्या दारात जावं लागेल, आणि तिथे काय बोलायचं ते मला येत नाही.

गेल्या महिन्यात भांडुपला गेले होते. वॉचमनच्या केबिनमध्ये रजिस्टरखाली ती झेरॉक्स घडी घालून ठेवलेली आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. ते चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा मी ती पिशवी हातात घेतली, आणि ते परत यायच्या आत होती तशी रजिस्टरखाली सरकवून ठेवली.