'लाह' आणि 'की'

रविवार, २० जुलै २०२५

सकाळी सांगलीला फोन लावला. आईचं नेहमीचंच चाललं होतं, गणपतीला येताय का, तिकिटं काढली का. मध्येच लेकीनं फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "आजी, तूच ये लाह!" पलीकडून आई लगेच म्हणाली, "येते की!"

ते दोन शब्द दिवसभर कानात आहेत. आईनं 'लाह' हा शब्द आयुष्यात कधी ऐकलेला नाही. तरी तिला तो कळला, आणि उत्तरात तिनं त्याचाच सांगलीतला सख्खा भाऊ पाठवला.

अकरा वर्षांपूर्वी इथं सिंगापूरला आले तेव्हा मला हे बोलणं, म्हणजे इथली 'सिंग्लिश', मोडकंतोडकं इंग्रजी वाटायचं. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एकीला विचारलं, आज संध्याकाळपर्यंत फाइल मिळेल का? ती म्हणाली, "कॅन." बस, एवढंच. मला राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते, कारण त्या 'कॅन'च्या शेपटीला काय काय लागतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. 'कॅन लाह' म्हणजे जमतंय की, काळजी कशाला. 'कॅन मेह?' म्हणजे जमेल होय? 'कॅन लॉर' म्हणजे आता काय, जमवायचं. 'कॅन हॉर?' म्हणजे जमेल, हं? आणि 'कॅन ले' म्हणजे अहो, जमतंय ना, तुम्हीच उगाच शंका काढताय. हे लंडनच्या माणसाला समजावायला पानभर लिहावं लागेल. आपल्याकडच्या माणसाला एका अक्षरात कळतं. बोलणाऱ्याचं मन वाक्याच्या शेवटी ठेवायची सवय आपल्याला आहेच.

सरकारला मात्र हे बोलणं कधी फारसं रुचलं नाही. २००० साली चांगलं इंग्रजी बोला म्हणून मोहीम निघाली. त्याआधी १९७९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली कुआन यू यांनी इथल्या चिनी लोकांनी आपापल्या बोली सोडून मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलावं म्हणून मोहीम सुरू केली होती, आणि तिचा परिणाम मी आमच्या लिफ्टमध्ये रोज बघते. वरच्या मजल्यावरच्या आजी होक्कियन ही चिनी बोली बोलतात. नातू शाळेत इंग्रजी आणि मँडरिन शिकला. दोघं एकमेकांवर जीव टाकतात. ती त्याच्या हातावर सोललेलं संत्रं ठेवते, तो तिची पिशवी उचलतो, आणि दहा मजले उतरेपर्यंत दोघांत चार-पाच शब्द होतात. एका भाषेत नीट गप्पा मारता येतील इतकी भाषा दोघांकडे सामायिक उरलेली नाही. त्यांना बघताना मला दर वेळी सांगलीचा फोन आठवतो. अजून किती वर्षं हे बोलणं चालेल, असं वाटून पोटात कालवतं.

नाश्त्याला हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गेलो. आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा 'चोप' केली, म्हणजे अडवून ठेवली. ते पाकीट इथं कुणी उचलत नाही. मग रांगेत माझं नेहमीचं, "कोपी ओ कोसोंग पेंग." आज पहिल्यांदा ते सुटं करून बघितलं. कोपी मलय. ओ होक्कियन, म्हणजे काळी. कोसोंग मलय, म्हणजे रिकामी, साखर नाही. पेंग पुन्हा होक्कियन, म्हणजे बर्फ. घराघरांतून मागं सरत गेलेली होक्कियन इथं कॉफीवाल्या अंकलच्या काउंटरवर ठणठणीत आहे. हॉकर संस्कृतीला २०२० साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली तेव्हा सगळ्यांनी पदार्थांचं कौतुक केलं. माझ्या मते त्या रांगेतली भाषाही तितकीच जपण्यासारखी आहे.

मलय शब्दांचं तर काय सांगू. शेजारच्या काकाक (मलयमध्ये ताई) रमजानात 'पुआसा' म्हणतात, तो आपला उपवास. नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात. भाषेला 'बहासा'. रोज गाडी बदलते ते स्टेशन धोबी घाट, आणि गावाचं नाव सिंहपूर. या काकाक माझ्या शेजारी आहेत त्यालाही कारण आहे. १९८९ पासून सरकारी वसाहतींत प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय आणि भारतीय यांचं प्रमाण ठरलेलं असतं. आम्हाला आधी आवडलेलं घर भारतीयांचा कोटा भरल्यामुळे हातचं गेलं. तेव्हा फार चिडले होते. आता या तिन्ही दारांशिवायचं घर मला नको वाटतं. कठड्यांवर लाल-पांढरे झेंडे लागलेत. ९ ऑगस्टला देशाला साठ वर्षं होतील.

रात्री लेकीची वही सहीसाठी उघडली. शाळेत सगळ्यांना इंग्रजीबरोबर एक 'मातृभाषा' घ्यावी लागते. तमिळ नसलेल्या भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांतली एक निवडता येते. मराठी त्या यादीत नाही. आम्ही हिंदी घेतली, लिपी तरी एकच आहे म्हणून. आजीनं पाठवलेली गोष्टीची पुस्तकं ती वाचते, फक्त ळ आला की अडते. तिच्या पाठ्यपुस्तकात ळ नाही. 'बाळ'ला बाल म्हणते, 'शाळा'ला शाला.

बाईंनी शेरा लिहिलाय, घरी मुलीशी मातृभाषेत अधिक बोलावे. त्यांना हिंदी म्हणायचंय, आणि त्या तळमळीनं शिकवतात हे मला माहीत आहे. तरी पेन हातात धरून बराच वेळ बसले.

मग सही केली. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ओळभर ळ काढले. काळी, निळी, केळी, फळा, आणि खाली ठिपक्यांचे ळ, तिला गिरवायला. उद्या बसमध्ये विचारेलच, आई, हे काय लाह?