फॉर्ममधली चौथी ओळ

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाचे फॉर्म भरून देणं हे माझं काम. बडोद्यात रावपुऱ्यात पहिल्या मजल्यावर छोटं ऑफिस आहे. आय-२० म्हणजे कॉलेजचं प्रवेशाचं पत्र, सेविस या तिथल्या विद्यार्थी-नोंदणीची फी, बँकेचे कागद, मुंबईच्या मुलाखतीचा स्लॉट, हे सगळं सवयीने होऊन जातं. डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मात्र दर वेळी नव्याने भरावा लागतो. वीसेक मिनिटं हात थांबला की तो बंद पडतो, म्हणून अर्ज क्रमांक मी आधी वहीत उतरवून घेते आणि मगच पुढचं पान उघडते.

त्यात एक पान आहे. गेल्या पाच वर्षांत कोणकोणता सोशल मीडिया वापरलात आणि तिथे तुमचं नाव काय. २०१९ पासून हे विचारतात. पासवर्ड मागत नाहीत, पण दर दुसरे पालक घाबरून तेच विचारतात. मुलं नावं सांगत जातात, मी एकाखाली एक टाइप करते. लिंक्डइनवर आडनावासकट पूर्ण नाव आणि इस्त्रीची कॉलर. फेसबुकवर आत्या-मामांसाठी गणपतीचे फोटो. इन्स्टाग्रामवर नावातली निम्मी अक्षरं गाळलेली, फोटोत चेहरा अर्धाच. यात मला खोटेपणा कधीच दिसला नाही. ओटीवरचं बोलणं वेगळं, माजघरातलं वेगळं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. या पानावर मात्र ओटी, माजघर, गच्ची सगळं एका रांगेत येतं, आणि ते टाइप करणारी मी असते.

तरी कुलूप असायचं. नाव दिलं तरी खातं प्रायव्हेट ठेवता यायचं. जून २०२५ मध्ये नियम आला की एफ, एम आणि जे, म्हणजे शिक्षणाचे आणि एक्स्चेंजचे व्हिसा मागणाऱ्यांनी आपली सगळी खाती पब्लिक करायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हा मुलगा आला. घर दांडिया बाजारात, कलाभवन या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल केलेलं, वडील सोबत. तीन नावं त्याने भराभर सांगितली. मग स्क्रीनकडे बघत गप्प झाला. टेबलाखाली त्याचा पाय हलत होता. हे थांबणं आता मला ओळखू येतं. मी वडिलांना म्हटलं, ‘काका, जुन्या पासपोर्टच्या दोन झेरॉक्स लागतील. खालीच दुकान आहे, आणता का?’

ते जिना उतरले तसा तो म्हणाला, ‘ताई, अजून एक आहे. पण ते प्रायव्हेट आहे. सव्वाशे जणच आहेत.’

त्याने फोन पुढे केला. नऊवारी, नथ, पायात चाळ. लावणी. मागे गच्चीची भिंत, तिच्यावर पांढरी चादर ताणलेली, एकाच बाजूने दिवा. फिल्टर नाही, धावती अक्षरं नाहीत. पदर दातात धरून मान वळवताना नजर कॅमेऱ्याच्या जरा अलीकडे थांबते, तिथे कुणीतरी बसलं असावं तशी. हे एका रात्रीत येत नाही. लिंक्डइनवरचा ताठ बसलेला मुलगा आणि हा एकच, हे मला दोनदा बघूनच पटलं.

‘हे नाही लिहिलं तर?’

मी त्याला खरं ते सांगितलं. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर खोटी माहिती दिल्याचा शिक्का आयुष्यभर मागे लागू शकतो. आमच्या धंद्यातले काही जण मुलांना सरळ सांगतात, डिलीट कर आणि व्हिसा आला की नवं उघड. मला याची चीड येते. फॉर्म ‘आहे का’ असं विचारत नाही, ‘पाच वर्षांत वापरलंत का’ असं विचारतो. डिलीट केलेलंही लिहावं लागतं. पकडला जातो तो मुलगा, सल्ला देणारा नाही.

चौथी ओळ त्याने स्वतः टाइप केली. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुलूप काढलं. एवढ्यात जिन्यावर वडिलांची पावलं वाजली. मी हळूच म्हटलं, ‘घरी तूच आधी सांग.’ तो म्हणाला, ‘बघतो.’

आमच्या लोकांत बालगंधर्वांचं नाव अजून हात जोडून घेतात. त्यांच्या शालूच्या, नथीच्या गोष्टी माझ्या आजीने मला सांगितल्या. तरी आपल्या घरातला मुलगा लुगडं नेसून उभा राहिला तर काय होईल, याची त्याला भीती होती आणि मलाही होती. नसती, तर मी काकांना खाली कशाला पाठवलं असतं?

चौथ्या दिवशी काका एकटेच आले. पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

‘ते चौथं नाव तुम्हाला माहीत होतं?’

‘हो.’

‘मला झेरॉक्सला पाठवलंत, तेव्हा?’

‘हो.’

पुण्याच्या भाच्याने त्यांना पाठवलं होतं. त्यांनी फोन काढला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. चेहरा नाही, पदराचा काठ. ‘हे लुगडं माझ्या आईचं. ट्रंकेत असतं. याने कधी काढलं, परत कधी ठेवलं, घरात कुणाला पत्ता नाही.’ थोडं थांबून म्हणाले, ‘काल उघडून बघितलं. घडी आई घालायची तशीच होती.’

मी काही बोलले नाही.

‘मुंबईला मुलाखतीत याबद्दल विचारतील?’

‘विचारतील असं नाही. विचारलं तर नाचतो म्हणून सांगायचं.’

‘लावणीला इंग्रजीत काय म्हणतात?’

‘लावणीच म्हणायचं, काका.’

त्यांनी मान हलवली, फाइल उचलली आणि गेले. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. फॉर्म बरोबर भरला, यात मला शंका नाही. त्या दोन झेरॉक्स अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. त्या कशालाच लागणार नव्हत्या, हे काकांना सांगायचं राहिलंय.