फ्रेमची वरची कड

नऊ वर्षं मी सेटवर बूम धरायचो. लांब काठीच्या टोकाला माइक, काठी डोक्यावर, हात ताठ, आणि कॅमेऱ्याला काही दिसता कामा नये. बूमवाला नीट काम करतो तोवर त्याला कुणी ओळखत नाही. एकदा अकराव्या टेकला नटाला रडणं कसंबसं जमलं आणि नेमका तेव्हाच माझा उजवा खांदा ढिला पडला. मग मात्र अख्ख्या युनिटने मला ओळखलं. काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

म्हणून २००९ चा 'ब्लॅक डायनामाइट' बघताना मी एका जागी पार लोळलो. सत्तरच्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय नायकांचे स्वस्तातले मारधाडपट धडाधड निघाले, त्यांची ही नक्कल. नायक तावातावाने बोलतोय, वरून माइक फ्रेममध्ये येतो, तो तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघतो आणि बोलणं पुढे रेटतो. १९७५ च्या 'डोलेमाइट' या तसल्याच एका मारधाडपटात माइक खरोखरच चुकून दिसतो. इथे तो मुद्दाम दाखवलाय. म्हणजे कुणा बूमवाल्याला चक्क 'अजून खाली घे' असं सांगितलं असणार! हेवा वाटला.

पुढे २०१२ मध्ये अडल्ट स्विम या मोठ्यांसाठीच्या अमेरिकन कार्टून वाहिनीवर याचीच अ‍ॅनिमेटेड मालिका आली, तेव्हा माझी पहिली शंका धंद्यातलीच होती. आता चुका कुठून आणणार? चित्रात बूम चुकून येत नाही, तो कुणीतरी बसून काढावा लागतो. सिनेमा सुपर सिक्स्टीनवर, म्हणजे सोळा मिलिमीटरच्या स्वस्त फिल्मवर, वीस दिवसांत उरकलेला. त्या घाईची, भुरकट रंगांची निम्मी गंमत फिल्ममध्येच होती. अ‍ॅनिमेशनमध्ये सगळं नेटकं आणि मारामाऱ्या तर अंगावर येतील इतक्या सफाईदार.

मालिकेने मग वेगळंच सावज धरलं. गचाळ सिनेमा सोडला आणि त्या दशकातली बडी माणसंच पकडली. मायकल जॅक्सन, विनोदवीर रिचर्ड प्रायर, गायक एल्व्हिस प्रेस्ली. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि एल्व्हिस एकत्र म्हणजे अतिशयोक्ती वाटेल, पण १९७० च्या डिसेंबरात एल्व्हिस खरंच व्हाइट हाउसमध्ये जाऊन निक्सनकडे अमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला मागत होता. याच्यावर विडंबनकाराने आणखी काय चढवायचं?

सगळंच जमलंय असं नाही. अनाथाश्रम आणि कुंटणखाना एकाच छपराखाली, हा नायकाचा अड्डा. त्यावरचे विनोद तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत शिळे होतात. काही भाग मी सरळ पुढे ढकलले.

आवाजासाठी मात्र सगळं माफ. नायक झालेला मायकल जय व्हाइट खऱ्या आयुष्यात कराटेवाला, सिनेमात त्याचं शरीरच अर्धा अभिनय करतं. इथे हाताशी फक्त गळा. तो प्रत्येक वाक्य, कितीही फालतू असो, एखाद्याच्या मयताची बातमी द्यावी तशा गांभीर्याने बोलतो. हसू आल्याचा मागमूसही आवाजात नाही. हेडफोन लावून श्वास ऐकत बसायची माझी जुनी खोड, म्हणून मी मुद्दाम तपासलं.

शेवटचा भाग जानेवारी २०१५ चा, तासाभराची संगीतिका, 'द विझर्ड ऑफ वॉट्स'. वॉट्स म्हणजे लॉस एंजेलिसचा तोच भाग, जिथे १९६५ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांच्या एका अटकेवरून भडका उडाला आणि ३४ माणसं गेली. मालिकेचा हा भाग आला तेव्हा अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरात पोलिसाने मायकल ब्राउन या कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घालून मारलं, त्याला पाच महिने झाले होते. गाणी आहेत, चावटपणा आहे, पण विषय पोलिसांची मारहाण हाच. मी दुसऱ्यांदा तो रात्री एकट्याने पाहिला आणि पहिल्या वेळेपेक्षा बराच कमी हसलो.

एक सवय अजून जात नाही. पडद्यावर कुणीही बोलायला लागलं की माझी नजर चेहऱ्याआधी फ्रेमच्या वरच्या कडेला जाते. या मालिकेतसुद्धा जात होती. तिथे कुणी काही काढलेलं नसणार हे कळत होतं. तरी दर वेळी बघायचोच.