क्लासची फी परत मिळवताना

जून २०२४ च्या मध्यावर मुलीला नीटच्या तयारीसाठी पुण्यातील एका क्लासमध्ये घातले, तेव्हा एकरकमी भरणाऱ्यांना सवलत असल्याने दोन वर्षांची दीड लाख रुपये फी आम्ही एकदमच भरली. दोन महिन्यांनी तिने विज्ञान शाखा सोडून वाणिज्य शाखेकडे जाण्याचा निर्णय घेतला. तो तिने नीट विचार करून घेतला होता, त्यामुळे घरात वाद झाला नाही. वाद पुढे क्लासशी झाला.

प्रवेशाच्या वेळी दिवसातून तीनदा फोन करणारे समुपदेशक आता फोन उचलत नव्हते. प्रत्यक्ष गेल्यावर ‘फाइल अकाउंट्सला पाठवली आहे’ आणि ‘सर आले की सांगतो’ एवढेच ऐकायला मिळत असे. या तोंडी आश्वासनांवर विसंबून मी डिसेंबरपर्यंतचे चार महिने घालवले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण ग्राहक आयोगात तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत अशा आश्वासनांमुळे थांबत नाही.

पावतीच्या तळाशी ‘एकदा भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे छापलेले होते. त्या एका ओळीने बहुतेक पालक माघारी फिरतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचना मात्र वेगळे सांगतात: पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच बाहेर पडला, तर उरलेल्या काळाची फी, आणि वसतिगृह व खाणावळ असल्यास तेही पैसे, दहा दिवसांत परत करावेत. या सूचना राज्यांनी स्वीकारायच्या असल्याने त्यांना कायद्याचे बळ आपोआप येत नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. तरीही लेखी मागणीत त्यांचा आधार घेता येतो.

हिशेब सोपा होता. चोवीसपैकी बावीस महिने शिल्लक, म्हणजे १,३७,५०० रुपये. मी तारखेसह अर्ज दिला, प्रतीवर क्लासचा शिक्का मागून घेतला, तोच मजकूर ईमेलनेही पाठवला आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार संबंधितांकडे पाठवते. क्लासकडून एका ओळीचे उत्तर आले, ‘नियमानुसार फी परत करता येत नाही.’ घरच्यांना ते अपयश वाटले, पण माझ्या हातात प्रथमच लेखी नकार आला होता.

महाविद्यालये आणि विद्यापीठे ग्राहक कायद्यात येतात का, यावर बराच वाद झालेला आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये शैक्षणिक संस्थांना कायद्याबाहेर ठेवताना कोचिंग संस्थांना मात्र ती सूट दिली नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये मी स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस पाठवली आणि सोबत आम्ही राहतो त्या सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगासाठी तयार केलेल्या तक्रारीचा मसुदा जोडला. वकील केला नाही.

नवव्या दिवशी व्यवस्थापकांचा फोन आला. त्यांनी आधी पन्नास हजार देऊ केले, मी हिशेब ईमेलने पुन्हा पाठवला. पुस्तके व चाचणी-संचाचे ९,५०० रुपये कापण्यास मी मान्यता दिली, कारण ते साहित्य मुलीने वापरले होते. ‘आमची काहीही तक्रार नाही’ अशा पत्रावर पैसे देण्याआधीच सही मागण्यात आली, ती मी दिली नाही. फेब्रुवारीत १,२८,००० रुपये खात्यात जमा झाल्यावर, केवळ शिकवणी फीपुरती, सही केली.

क्लासच्या वसतिगृहासाठी वेगळी भरलेली १२,००० रुपये अनामत अजून आलेली नाही. तिचा अर्ज शिक्क्यासह फाइलमध्ये आहे, आणि या वेळी मी चार महिने थांबणार नाही.