बॅगेत काय भरायचं ते विचारता, हे का नाही विचारत?

सुट्टीला ठाण्यात आले की नौपाड्यात कुणाच्या तरी घरी कॅनडाच्या बॅगा भरणं चालू असतंच. यंदा शेजारच्या काकूंची लेक, जावई आणि नातू पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, घेऊन ब्रॅम्प्टनला निघालेत. कुकर न्यायचा का, गोडा मसाला किती, मेतकूट अडवतात का, सगळं विचारून झालं. (कुकर मिळतो. मसाला न्या.) सेटलमेंट वर्करबद्दल मात्र एकानंही विचारलं नाही.

नव्यानं आलेल्यांना मार्गी लावण्यासाठी कॅनडाचं केंद्र सरकार स्थानिक संस्थांना पैसे देतं. तिथला हा माणूस तुम्हाला समोर बसवून सिन नंबर (नोकरी आणि करासाठी लागतो तो), सरकारी आरोग्य विम्याचं हेल्थ कार्ड, इथली डिग्री तिथे मान्य करून घेणं, तिथल्या धाटणीचा बायोडेटा असं एकेक समजावतो. इंग्रजी कच्चं असेल तर ‘लिंक’चे वर्ग असतात. पीआरवाल्यांना हे सगळं मोफत.

जावई म्हणाले, "फुकट म्हणजे निर्वासितांसाठी असणार. आपल्याला कशाला?"

आपलं घोडं अडतं ते इथेच. निर्वासितांसाठी आहेच, पण पवईत नोकरी करून गेलेल्या इंजिनिअरसाठीही आहे. आपण मामेभावाला विचारू, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू, पण हक्काच्या ऑफिसची पायरी चढायला लाजू. आणि मामेभावाची माहिती तो गेला त्या वर्षाची! ओंटारिओत, म्हणजे ब्रॅम्प्टनच्या प्रांतात, हेल्थ कार्डासाठी तीन महिने थांबावं लागायचं. ती अट मार्च २०२० मध्ये गेली, तरी तोच सल्ला अजून कानावर येतो. व्हँकुव्हरला जाणाऱ्यांना मात्र थांबावं लागतं, कारण तो प्रांत वेगळा, नियम वेगळा.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जा. ओळखी होतात, भाड्याचं बेसमेंटही तिथेच कळतं. सरकारी कागदांसाठी मात्र सेटलमेंट वर्करच गाठा.

शिकायला जाणाऱ्यांचं वेगळं आहे. स्टडी परमिटवर केंद्राच्या या सेवा बहुतेक मिळत नाहीत, आणि हे एजंट आपणहून सांगेल अशी आशा नको. त्यांनी कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस धरावं आणि २११ हा नंबर लक्षात ठेवावा. फूड बँकेपासून समुपदेशनापर्यंत जवळपास कुठे काय मिळेल ते तिथे सांगतात, दुभाषीही मागता येतो. पीआरवाल्यांनीही चालढकल करू नये; नागरिकत्व घेतलं की केंद्राच्या या मोफत सेवा संपतात.

पीआर मंजूर झालेल्यांना यातलं बरंच काही निघायच्या आधी, ठाण्यात बसून ऑनलाइन सुरू करता येतं. हे ऐकल्यावर जावयांनी लॅपटॉप उघडला. काकूंना मात्र नातवाचीच काळजी. "शाळेला डोनेशन किती गं घेतात?"

"काहीच नाही, काकू. सरकारी शाळेत राहत्या पत्त्यावर प्रवेश मिळतो. आणि तिथल्या बऱ्याच शाळांमधूनही सेटलमेंट वर्कर भेटतो."

डोनेशन लागत नाही यावर काकूंचा अजून विश्वास बसलेला नाही.