विज्ञान मंडळाचा मेळावा आणि व्हेंच्युरीवाले काका

आमच्या विज्ञान मंडळाचा मेळावा दरवर्षी 28 फेब्रुवारीला. रामन परिणामाचा शोध 1928 साली याच तारखेला लागला, त्यामुळे दिवस बदलता येत नाही. पंचाईत अशी, की आदल्याच दिवशी कुसुमाग्रजांची जयंती. नाशकात 27 तारखेला सभागृहात उभं राहायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मागच्या रांगा रिकाम्या. तात्यासाहेबांवर राग कसा असेल! पण काल कविता ऐकायला आलेले पालक आज कुठे जातात, हे कळत नाही.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ हे दरवर्षीचंच. मी वाट बघतो ती पालकांच्या प्रात्यक्षिकाची. त्यातलं एक अजून डोळ्यांसमोर आहे. विषय होता वाहत्या पाण्याचा आणि हवेचा दाब. मुलांनी टांगलेल्या दोन कागदांमधून फुंकर मारली, कागद जवळ आले, टाळ्या झाल्या. एका मुलानं विमानाच्या पंखाची पाठ केलेली गोष्ट सांगितली: वरच्या हवेला लांबचा रस्ता, म्हणून ती पळते. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले पाहुणे हसून म्हणाले, "दोघींनी मागं एकाच वेळी पोचायचं, असं ठरलंय कुठं? वरची तर आधीच पोचते."

मग दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार उठले. आठवीतल्या मुलीचे वडील, बागेत माल काढायला आलेला असताना आलेले. ठिबकची व्हेंच्युरी, म्हणजे पाण्यात खत मिसळणारी, मधे गळा अरुंद असलेली नळी, छोटा पंप आणि बादलीत नीळ कालवलेलं पाणी. मेनलाइनचा कॉक पूर्ण उघडा होता तोवर नीळ जागची हलली नाही. कॉक अर्धा दाबला, पाणी व्हेंच्युरीतून वळलं आणि नीळ पारदर्शक नळीतून सरसर वर चढली.

"पाणी ओढलं!" मुलं ओरडली.

"ओढतंय कोण?" काकांनी नळी बादलीतून काढून निळीच्याच एका प्लास्टिकच्या बाटलीत, बुचातून घट्ट बसवली. नीळ थोडी चढली आणि बाटली चेपायला लागली. "आता सांगा. अरुंद गळ्यात पाणी पळतं, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बाहेरची हवा ढकलते म्हणून माझं एकोणीस-एकोणीस खत झाडाला पोचतं. बाटलीत हवा शिरेना, म्हणून तिनं बाटलीच दाबली."

गणिताच्या बाईंनी लगेच फळ्यावर मांडलं: व्यास निम्मा, क्षेत्रफळ पाव, वेग चौपट. वेग वाढला की दाब घटतो, हे बर्नुलीनं 1738 साली ग्रंथात लिहिलेलं मी वर्षानुवर्षं शिकवलं, पण अशी शांतता माझ्या तासाला कधी झाली नाही. हेवा वाटला, आणि अभिमानही. शेवटी मंडळ आमचंच.

आभार मानायचे तर प्रयोगशाळेतले मामा, ज्यांनी पंपासाठी गच्चीवरून वायर ओढली. फरशी पुसणाऱ्या दोन्ही मावशी, निळीचे डाग आठवडाभर घासत होत्या. चहा-पोह्यांवाल्या काकू. माईक सांभाळणारा दहावीतला मुलगा. सातपूरहून खुर्च्यांचा टेम्पो आणणारा माजी विद्यार्थी, भाडं घेतलं नाही. रांगोळीवाल्या मुली. कुणी राहिलं असेल तर फोन करा, पुढच्या वेळी आधी नाव घेतो. आणि चेंडू तरंगवायला ज्यांनी हेअर ड्रायर दिला, त्या ताईंनी तो घेऊन जावा. भौतिकशास्त्राच्या कपाटात खालच्या खणात आहे.