फेअर ट्रेडचे जास्तीचे पैसे नक्की जातात कुठे?

फेअर ट्रेडचा, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव दिल्याचा, शिक्का असलेली कॉफी किंवा चॉकलेट घेतलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या, एकतर "वा, गरीब शेतकऱ्याला मदत!" नाहीतर "सगळं मार्केटिंग असतं गं ते". मला दोन्ही पटत नाहीत, पण मी हा शिक्का बघून घेते, त्यामुळे आपण नक्की कशाचे पैसे देतोय ते एकदा लिहून काढावं म्हटलं.

कॉफीपासून सुरू करू, कारण शिक्क्याची सुरुवातच तिथून झाली, १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये, मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची कॉफी विकायला. कॉफीचं झाड लावलं की फळ धरायला तीन-चार वर्षं जातात, म्हणजे यंदा भाव पडला तर पुढच्या हंगामात दुसरं काहीतरी लावू हे शक्यच नसतं. तोडणीला लाल झालेली फळं तेवढी हाताने निवडायची, हिरवी तशीच ठेवायची, मग काही दिवसांनी परत त्याच झाडाशी यायचं, आणि एवढं करून पाच-सहा किलो फळांतून सुकलेली बी निघते जेमतेम किलोभर. तिचा भाव कुठे ठरतो, तर न्यूयॉर्कच्या एक्स्चेंजवर! १९८९ पर्यंत कोणत्या देशाने किती कॉफी विकायची याचा एक आंतरराष्ट्रीय करार होता, त्यातले कोटे गेले आणि भाव गडगडला, पुढे व्हिएतनामची कॉफी बाजारात बदाबदा आली आणि २००१ मध्ये तर अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव पौंडाला (म्हणजे साधारण अर्ध्या किलोला) ५० सेंटच्याही खाली गेला. त्यात बऱ्याच जणांचा उत्पादनखर्चसुद्धा निघत नव्हता.

अशा वर्षी फेअर ट्रेड कामाला येतं. साधा हमीभाव आहे तो. बाजार वर असेल तर बाजारभाव मिळणार, खाली गेला तर ठरलेला भाव. धुतलेल्या (म्हणजे पाण्याने गर काढून सुकवलेल्या) अरेबिकाला २०२३ पासून तो पौंडाला १.८० डॉलर आहे आणि त्यावर २० सेंट प्रीमियम, म्हणजे वरची रक्कम, वेगळा. शिवाय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने मागितलं तर खरेदीदाराने कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ द्यायची, आणि माझ्या मते यावर जेवढं बोललं जायला पाहिजे तेवढं कोणी बोलत नाही, कारण तोडणीच्या तोंडावर घरात पैसा नसतो, मजुरांना तर रोजच्या रोज द्यावे लागतात, आणि नेमका तेव्हाच दलाल उचल देतो नि पीक आधीच स्वस्तात बांधून घेतो.

प्रीमियम मात्र कुणा एकाच्या खिशात जात नाही. तो संस्थेच्या खात्यात जमा होतो आणि विहीर, शाळेची खोली, वाळवणाचं अंगण की रोपवाटिका, हे सभासद मत देऊन ठरवतात. भांडणं होत असणारच, सहकारी संस्था म्हटल्यावर! पण निर्णय त्यांचा असतो. घानातली कुआपा कोकू ही कोको शेतकऱ्यांची संस्था १९९३ मध्ये उभी राहिली, तिथे गावातलेच लोक आपल्यातला एक माणूस निवडतात आणि तो कोको तोलतो. वजनकाटा आपल्या माणसाच्या हातात असणं म्हणजे काय हे व्यापाऱ्याच्या काट्यावर माल घातलेल्यालाच कळेल.

आता खटकणाऱ्या गोष्टी. हमीभाव मिळतो संस्थेला, निर्यातीच्या टप्प्यावर, त्यातून प्रक्रिया, वाहतूक, संस्थेचं कर्ज वगैरे वजा होऊन उरलेलं शेतकऱ्याला. शिवाय सगळा माल फेअर ट्रेडमध्ये खपतोच असं नाही, गिऱ्हाईक नसलं की उरलेला नेहमीच्याच भावाने जातो. आणि मजूर? लंडनच्या सोआस विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१४ चा इथिओपिया आणि युगांडाबद्दलचा अहवाल आहे, त्यात फेअर ट्रेड असलेल्या भागात शेतमजुरांची मजुरी इतरांपेक्षा चांगली असल्याचं काही दिसलं नाही, उलट बऱ्याचदा कमीच होती. मला हे सगळ्यात जास्त टोचतं, कारण जमीनच नाही तो संस्थेचा सभासद तरी कसा होणार?

तेजीत वेगळंच दुखणं. २०२५ च्या फेब्रुवारीत कॉफी पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती, अशा वेळी व्यापारी रोख घेऊन दारात उभा राहिला की शेतकरी त्यालाच माल देणार, मीही दिला असता, आणि संस्था मात्र जुना करार पुरा करायला धावपळ करत बसते.

तरी मी घेते, फक्त आता पाकीट उलटून बघते. शिक्क्याशेजारी छोटा बाण असेल तर मागची बारीक अक्षरं वाचायची, कारण कोको, साखर, चहात बऱ्याचदा हिशोब फक्त वजनाचा जुळवतात, म्हणजे तेवढा माल फेअर ट्रेडने घेतला गेलेला असतो पण तुमच्या हातातल्या वडीतला कोको त्याच शेतातला असेलच असं नाही. त्याने शेतकऱ्याचे पैसे बुडत नाहीत, त्यामुळे मी त्यावरून अडून बसत नाही. पण दोन पाकिटांपैकी एकावर संस्थेचं नाव छापलेलं असेल तर मी तेच उचलते, निदान कोणाकडून घेतलं ते शोधता तरी येतं.